पाण्याकडे तोंड करून बांधलेली घरे : सरोवरांकाठची जुनी नौकागृहे बोटीतून पाहण्याविषयी

काठकर

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात मस्कोका नावाचा सरोवरांचा प्रदेश आहे. तिथल्या एका आडरस्त्यावरून पहिल्या दिवशी आम्ही मोटारीने दीड तास फिरलो. पाहायला मिळाली ती दाट झाडी, बंद फाटके, घरांचे क्रमांक लिहिलेल्या पाट्या आणि अस्वलांनी कचरा उपसू नये म्हणून ठेवलेली जाड लाकडी खोकी. हा बेत माझा असल्यामुळे सोबतच्या मंडळींनी मला ऐकवायचे ते ऐकवले. दुसऱ्या दिवशी त्याच किनाऱ्यासमोरून बोटीने गेलो आणि लक्षात आले की आदल्या दिवशी आम्ही या घरांच्या परसदारी घिरट्या घालत होतो. त्यांचे व्हरांडे, पायऱ्या, बागा, ध्वजस्तंभ आणि सर्वांत पुढे पाण्यातच पाय रोवून उभी असलेली नौकागृहे ही सगळी पाण्याकडे तोंड करून आहेत.

याचे कारण साधे आहे. ही घरे उभी राहिली तेव्हा तिथे म्हणण्यासारखा रस्ता नव्हता. ए. पी. कॉकबर्न यांनी 1866 मध्ये 'वेनोना' ही मस्कोका सरोवरावरची पहिली आगबोट सुरू केली. 1871 मध्ये पोर्ट कार्लिंग येथे पाण्याची पातळी जुळवणारे दरवाजे बांधले गेले आणि मस्कोका व रोसो ही दोन सरोवरे बोटींसाठी जोडली गेली. 1875 मध्ये रेल्वे ग्रेव्हनहर्स्टपर्यंत पोहोचली. उन्हाळा घालवायला येणारे कुटुंब रेल्वेतून उतरून थेट आगबोटीत चढत असे. माणसे, पेटारे, टपाल, किराणा हे सर्व पाण्यावरूनच येत असल्यामुळे घराचे मुख्य दार कोणत्या बाजूला असावे हा प्रश्न कोणाला पडलाच नसावा.

नौकागृह हा शब्द थोडा पुस्तकी आहे हे मला मान्य आहे, पण 'बोटहाऊस' म्हटले की आपल्याकडे लोकांना हाऊसबोट आठवते आणि घोटाळा होतो. हाऊसबोट म्हणजे तरंगणारे घर, तर हे बोटींचे घर. मस्कोकातील जुन्या पद्धतीचे नौकागृह दुमजली असते. खालच्या मजल्यावर बोटी उभ्या करण्यासाठी दोन, तीन किंवा चार खण असतात. खणांमध्ये जमीन नसतेच, सरोवराचे पाणी थेट आत आलेले असते आणि दोन खणांच्या मधून लाकडी फळ्यांची अरुंद वाट जाते. वरच्या माडीत पाहुण्यांच्या खोल्या, कोठे बोट चालवणाऱ्या नोकराची खोली, तर कोठे नृत्यासाठी मोकळा दिवाणखाना. छपराचा उतार, खिडक्यांची ठेवण आणि रंग बहुधा मागच्या टेकडीवरील मुख्य घराशी जुळवलेले असतात, त्यामुळे पाण्यावरून पाहताना ते धाकट्या भावंडासारखे दिसते.

आम्ही ज्या बोटीतून हे पाहिले ती 'सेगवुन' स्वतःच एक ऐतिहासिक वास्तू आहे. 1887 मध्ये ती 'निपिसिंग' या नावाने, दोन्ही बाजूंना मोठी चाके असलेली आगबोट म्हणून बांधली गेली. 1925 मध्ये चाके काढून पाण्याखालचे पंखे बसवण्यात आले आणि तिचे नाव बदलले. सेगवुन म्हणजे ओजिब्वे या मूळनिवासी लोकांच्या भाषेत वसंत ऋतू. मधल्या काळात ती सेवेतून गेली, धक्क्याला बांधलेले संग्रहालय झाली, आणि दुरुस्तीनंतर 1981 पासून पुन्हा प्रवासी नेऊ लागली. आम्ही गेलो तेव्हा यंत्रखोलीत डोकावता आले. खाली एक तरुण फावड्याने भट्टीत कोळसा लोटत होता. दार उघडले की त्याच्या चेहऱ्यावर तांबूस उजेड पडे, आणि वर आमच्या पायांखालच्या फळ्यांना इंजिनाचा मंद ठेका जाणवत राही. बोटीला घाई नव्हती, त्यामुळे प्रत्येक घरावर नजर नीट ठरत होती.

अशा प्रकारे बोटीतून जुनी घरे व नौकागृहे पाहिलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत. केवळ 'सुंदर आहे' यापेक्षा काय पाहावे, कसे पाहावे आणि ती तशी का बांधली गेली, याविषयी वाचायला मला अधिक आवडेल.

दुपारची उन्हे

काठकर, परसदारी घिरट्या घालणे हे वर्णन अगदी पटले. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव व त्याच्यालगत सरोवर आहे, तिथे हाच अनुभव येतो. मी तिथे चार उन्हाळे गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे सरोवर फार मोठे नाही, लांबी सुमारे 12 किलोमीटर. 1871 हे वर्ष तिथल्या इतिहासात दोनदा येते. त्याच वर्षी शिकागोहून रेल्वे इथवर आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागोला ती प्रचंड आग लागली. घरे गमावलेली काही श्रीमंत कुटुंबे शहर पुन्हा उभे राहीपर्यंत या सरोवराकाठी राहिली, आणि पुढे दारूभट्टीवाले, मांसव्यापारी, दुकानदार अशा शिकागोच्या बड्या मंडळींनी इथे उन्हाळी वाडे बांधण्याची स्पर्धाच लावली.

यांतले मला सर्वांत आवडलेले घर 'ब्लॅक पॉइंट'. शिकागोतील बीअर उत्पादक कॉनराड साइप यांनी ते 1888 मध्ये बांधले. घराला मनोरा आहे, रुंद व्हरांडा आहे, निजण्याच्या खोल्या तेरा आहेत आणि न्हाणीघर एकच. मार्गदर्शक हे सांगतो तेव्हा प्रत्येक गटात हशा पिकतो. घर त्याच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिले, 2005 मध्ये राज्याला देण्यात आले आणि आता ते संग्रहालय आहे. गावच्या धक्क्यावरून बोट निघते, वाटेत इतर वाडे दाखवते, मग ब्लॅक पॉइंटच्या धक्क्याला लागते आणि तिथून शंभराच्या आसपास पायऱ्या चढून तुम्ही घरात जाता. म्हणजे साइप यांचे पाहुणे ज्या वाटेने येत त्याच वाटेने आपणही येतो. धापा टाकत व्हरांड्यात पोहोचल्यावर मागे वळून पाहावे, म्हणजे घर नेमके इथेच का बांधले हे मार्गदर्शकाला विचारावे लागत नाही.

दुसरी गोष्ट टपालबोटीची. 1916 पासून उन्हाळ्यात या सरोवराकाठच्या घरांना बोटीने टपाल पोहोचवले जाते आणि त्याच बोटीत प्रवासी बसतात. बोट धक्क्याला थांबत नाही, फक्त वेग कमी करते. टपाल देणारी मुलगी बोटीच्या कडेला बाहेर उभी असते. धक्का जवळ येताच ती त्यावर उडी घेते, धावत पेटीपर्यंत जाते, टपाल आत टाकते, जाणारे टपाल उचलते आणि बोटीचा मागचा भाग धक्क्यापुढून निसटण्याआधी परत उडी मारते. मी पाहिले त्या दिवशी एका घराच्या पेटीचे झाकण अडकले होते. तिने एकदा ओढले, दोनदा ओढले, आणि बोटीतले आम्ही चाळीस-पन्नास जण श्वास रोखून बसलो. ती परतली तेव्हा तिचा मागचा पाय जेमतेम लाकडावर टेकला. नंतर तिनेच ध्वनिक्षेपक हातात घेऊन पुढच्या वाड्याचा इतिहास शांतपणे सांगायला सुरुवात केली. या नोकरीसाठी दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला उड्या मारण्याची परीक्षा घेतली जाते आणि पाण्यात पडणारेही असतात.

खवचट

लेख चांगला आहे, पण एक शंका मांडतो, राग नसावा. या सगळ्या फेऱ्यांचा मथितार्थ 'गर्भश्रीमंतांच्या घरांकडे तिकीट काढून टक लावून पाहणे' एवढाच नाही का? आपण दुसऱ्याच्या बंगल्यासमोर रस्त्यावर उभे राहून असे निरखू लागलो तर पहारेकरी हटकेल. बोटीत बसल्याने ते सांस्कृतिक कसे होते?

मी स्वतः एका अशा फेरीत बसलो आहे. कोणत्या सरोवरावर हे सांगत नाही. मार्गदर्शकाने तासाभरात एकाही सुताराचे, एकाही वास्तुरचनाकाराचे नाव घेतले नाही. हे घर कितीला विकले गेले आणि ते कोणत्या नटाने घेतले, एवढेच कर्ण्यावरून चालू होते. एका घराच्या धक्क्यावर एक बाई मुलांना घेऊन बसल्या होत्या. आमची बोट दिसताच त्यांनी खुर्ची फिरवून पाठ केली. मला त्यांचेच बरोबर वाटले.

काठकर

खवचट, राग मुळीच नाही. त्या बाईंच्या जागी मी असतो तर मीही पाठ केली असती. फेरी वाईट असू शकते आणि तुम्ही वर्णन केलेली वाईटच होती.

तरीही मला वाटते की इथे पाहण्याजोगे जे आहे ते मालकांच्या पलीकडचे आहे. मस्कोकाचेच उदाहरण घेतो. बोमॅरिस या भागात पिट्सबर्गच्या पोलादवाल्यांची घरे आहेत आणि त्याला 'मिलियनेअर्स रो' म्हणतात, हे खरे. परंतु त्या घरांमुळे सरोवराकाठच्या छोट्या गावांत बोटी बांधणाऱ्यांची एक परंपरा उभी राहिली. ग्रेव्हनहर्स्टचे डिचबर्न, ब्रेसब्रिजचे मिनेट, पोर्ट कार्लिंगचे ड्यूक ही नावे जुन्या लाकडी बोटींच्या जाणकारांत आजही आदराने घेतली जातात. पोर्ट कार्लिंगलाच पहिल्या महायुद्धाच्या काळात एक मजेशीर बोट तयार होऊ लागली. तिचा पंखा खडकाला लागला की आपोआप वर बोटीच्या पोटातल्या पेटीत सरके आणि वाचे. या सरोवरांच्या तळाशी जागोजागी ग्रॅनाइटचे खडक आहेत. त्यांवर पंखे मोडून घेतलेल्या माणसालाच असे सुचू शकते.

ग्रेव्हनहर्स्टच्या संग्रहालयात पाण्यावरच बांधलेले एक मोठे नौकागृह आहे आणि त्यात अशा जुन्या बोटी खणांमध्ये तरंगत ठेवल्या आहेत. आत शिरल्यावर आधी वॉर्निशचा वास येतो. छताच्या तुळयांवर पाण्याचे कवडसे सतत हलत असतात. महोगनीच्या फळ्या इतक्या गुळगुळीत असतात की त्यांत आपला चेहरा दिसतो आणि हात लावायचा मोह आवरत नाही (लावू देत नाहीत). तिथे अर्धा तास घालवून मग फेरीला गेलो, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या बंद दारांआड काय असेल याची मला कल्पना करता आली. माझी सूचना एवढीच, की शक्य असेल तिथे आधी संग्रहालय पाहावे आणि फेरी नंतर करावी.

पायाभरणी

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता असल्यामुळे माझी नजर घरांच्या माडीपेक्षा पायांकडे जाते. या विषयात खरी करामत पाण्याखाली आहे, म्हणून थोडे लांबवतो.

खडकाळ तळ असलेल्या सरोवरात खांब ठोकता येत नाहीत. त्यामुळे जुन्या नौकागृहांचा पाया म्हणजे लाकडी ओंडके एकमेकांवर आडवे-उभे रचून केलेला पिंजरा आणि त्यात भरलेले दगड. हे पिंजरे पुष्कळदा हिवाळ्यात बांधले जात. सरोवर गोठले की बर्फावर नेमक्या जागी पिंजरा जुळवायचा, मग भोवतीचा बर्फ करवतीने कापायचा आणि दगड भरत पिंजरा तळाशी बसवायचा. पाण्यात बुडी मारून काम करण्यापेक्षा हे कितीतरी सोपे. कायम पाण्याखाली राहणारे लाकूड प्राणवायू न मिळाल्यामुळे फार काळ टिकते. कुजते ते पाण्याच्या पातळीलगतचे, जे कधी ओले कधी कोरडे होते. म्हणून बोटीतून जाताना खांबांवरचा तो हातभर पट्टा पाहावा. नवी फिकट लाकडे जोडलेली दिसली तर मालक घराची काळजी घेतो असे समजावे.

मोठा शत्रू बर्फ. गोठलेला थर खांबाला किंवा पिंजऱ्याला घट्ट पकडतो आणि पाण्याची पातळी थोडी जरी वाढली तरी सबंध थर वर उचलला जातो व सोबत पाय उपटतो, जसा आपण पकडीने खिळा उपटतो. शिवाय थर प्रसरण पावताना बाजूनेही रेटतो. यावर आजचा उपाय म्हणजे तळाशी नळी टाकून हवेचे बुडबुडे सोडणे, किंवा पाण्याखाली छोटा पंखा फिरवणे. पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून हिवाळ्यात तळाशी वरच्यापेक्षा किंचित उबदार पाणी असते. बुडबुड्यांबरोबर ते वर येते आणि नौकागृहाभोवती बर्फ धरू देत नाही. सगळे सरोवर पांढरे आणि नौकागृहाभोवती काळ्या पाण्याची कडा, असे दृश्य मी एका फेब्रुवारीत पाहिले आहे. फेऱ्या अर्थातच तेव्हा बंद असतात.

दुसरा शत्रू आपण, म्हणजे वेगाने जाणाऱ्या बोटींच्या लाटा. दगड भरलेल्या पिंजऱ्यातून लाट आत-बाहेर करते आणि खालची माती हळूहळू वाहून नेते. स्वतःची किंवा भाड्याची बोट घेऊन ही घरे पाहणाऱ्यांनी किनाऱ्याजवळ वेग इतका कमी ठेवावा की मागे पांढरे पाणी उठणार नाही. मग पाहायलाही जास्त मिळते.

एक पुरवणी : आज अनेक सरोवरांवर पाण्यातच नवे नौकागृह बांधण्यावर, विशेषतः त्यावर माडी चढवण्यावर, कडक निर्बंध आहेत. त्यामुळे जुनी दुमजली नौकागृहे जपून दुरुस्त केली जातात. एकदा पडले की तसेच पुन्हा बांधता येईलच असे नाही.

वल्हे

पायाभरणी, आपला प्रतिसाद जपून ठेवला आहे.

उगाच एक आठवण. आमच्या कोकणात पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी शाकारतात. तेही नौकागृहच की, फक्त दर वर्षी नवे.

धुके

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. तिथले वातावरण अमेरिकेपेक्षा वेगळे आहे. घरे दगडी आहेत, नौकागृहेही दगडी, स्लेटच्या छपरांची, एकमजली आणि बरीचशी झाडांत दडलेली. दुरून ती जुन्या देवडीसारखी दिसतात, काळोखी कमान आणि कमानीत पाणी.

कोनिस्टन सरोवरावर 'गोंडोला' नावाची वाफेवरची बोट आहे. मूळ बोट 1859 ची, एका रेल्वे कंपनीने प्रवाशांसाठी बांधलेली. पुढे ती निवृत्त झाली, तरंगते घर झाली, किनाऱ्याला लागून खिळखिळी झाली, आणि वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने तिची पुनर्बांधणी करून 1980 मध्ये पुन्हा पाण्यात सोडली. तिचे नाव व्हेनिसवरून आले आहे आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, तशीच डौलदार उंचावलेली आहे. ती ब्रँटवुडच्या धक्क्याला थांबते. हे इंग्रज लेखक व कलासमीक्षक जॉन रस्किन यांचे घर. त्यांनी ते 1871 मध्ये प्रत्यक्ष न पाहताच विकत घेतले आणि 1900 मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांचा मुक्काम तिथेच राहिला. बोटीतून जवळ येताना घराचा कोपऱ्यातला छोटा बुरूज आधी दिसतो, आणि न पाहता घर घेणारा माणूस फसला नाही अशी खात्री पटते.

विंडरमिअरवर 2019 मध्ये उघडलेले बोटींचे संग्रहालय अवश्य पाहावे. त्यात इमारतीच्या आतच पाण्याची गोदी आहे, म्हणजे काठकर म्हणतात तसे नौकागृहच. तिथली 'डॉली' ही वाफेची छोटी बोट 1850 च्या सुमारासची असून 1895 च्या कडाक्याच्या थंडीत अल्सवॉटर सरोवरात बुडाली होती. पाणबुड्यांना ती सापडली व 1962 मध्ये वर काढण्यात आली. ती इतकी वर्षे टिकली कशी, याचे उत्तर वर पायाभरणी यांनी दिलेच आहे. वाफेच्या बोटींवरची आणखी एक गंमत म्हणजे तिथली चहाची किटली. तांब्याच्या भांड्यातून नळीचे वेटोळे जाते, ते बॉयलरला जोडलेले असते, आणि तोटी फिरवली की आतल्या पाण्याला बघता बघता उकळी फुटते. श्रीमंतांच्या सहली, पण पाहणाऱ्याला खरे कौतुक त्या तांबटाचे वाटते.

2005 पासून विंडरमिअरवर बोटींना ताशी 10 सागरी मैलांची वेगमर्यादा आहे. त्यावेळी त्यावर पुष्कळ वाद झाला होता. जुन्या घरांकडे पाहत वल्हवणाऱ्याच्या दृष्टीने सांगायचे तर पाणी आता बोलता येईल इतके शांत असते.

दुपारची उन्हे

धुके, किटली पाहायला तरी मी येणार.

आल्प्सच्या बाजूला, इटलीतल्या कोमो सरोवरावर, हाच विषय तिसऱ्या रूपात दिसतो. तिथे नौकागृहाला 'दार्सेना' म्हणतात आणि बागेच्या उंच दगडी तटातच कमान कोरून ते आत घेतलेले असते. म्हणजे वर लिंबाची झाडे आणि खाली बोटी. व्हिला देल बालबियानेल्लो हे तिथले सुप्रसिद्ध घर 18 व्या शतकाच्या अखेरीस एका कार्डिनलने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूने, विकसित केले. शेवटचे मालक ग्विदो मोंझिनो हे 1973 च्या पहिल्या इटालियन एव्हरेस्ट मोहिमेचे नेते. त्यांनी ते वारसा जपणाऱ्या संस्थेला ठेवून दिले आणि 1988 मध्ये त्यांच्या निधनानंतर ते तिच्याकडे आले. तिथे पायवाटेनेही जाता येते, पण बोटीने गेले की पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या दिसतात.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेंट लॉरेन्स नदीतल्या थाउजंड आयलंड्स भागात बोल्ट कॅसल आहे. नदी आहे, सरोवर नव्हे, हे कोणी सांगण्याआधी मीच सांगते. हॉटेलचालक जॉर्ज बोल्ट यांनी पत्नीसाठी बांधायला घेतलेला हा वाडा 1904 मध्ये तिच्या मृत्यूनंतर अर्धवट सोडला. त्याची कहाणी सगळे सांगतात. मला अधिक भावले ते पलीकडच्या बेटावरचे त्यांचे नौकागृह. ते इतके उंच आहे की आत उभे राहिल्यावर मान मोडेपर्यंत वर पाहावे लागते. बहुतेक प्रवासी वाडा पाहून परत फिरतात आणि तिकडे जायला निघणारी छोटी बोट रिकामीच जाते.

वल्हे

कसे पाहावे हेही काठकरांनी विचारले होते, म्हणून चार अनुभवाच्या गोष्टी. पश्चिम किनाऱ्यावरची घरे पूर्वेकडे, म्हणजे सरोवराकडे, तोंड करून असतात, त्यामुळे त्यांच्यावर सकाळचे ऊन पडते. पूर्व किनाऱ्यासाठी दुपार उलटल्यावरची फेरी घ्यावी. फेरीच्या आधी बोट कोणत्या दिशेने सरोवराला वळसा घालते ते विचारावे आणि किनारा ज्या अंगाला राहील तिथे बसावे. सगळे वरच्या डेकवर धावतात, पण नौकागृहांच्या खणांत डोकावायचे तर खालचा डेक बरा, कारण नजर पाण्याच्या पातळीला येते. दुर्बीण घ्यावी, मात्र ती माणसांवर रोखू नये.

आणि वल्हवता येत असेल तर एकदा तरी स्वतः छोट्या होडीने जावे. इंजिन नसले की नौकागृहाच्या आतून येणारा पाण्याचा आवाज ऐकू येतो. तो बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळा, पोकळ असतो.

काठकर

वल्हे, खालच्या डेकची सूचना माझ्या ध्यानात आली नव्हती. आम्ही सगळा वेळ वरच उन्हात बसलो होतो.

संग्रहालयात ऐकलेली एक गोष्ट लिहायची राहिली. जुन्या पद्धतीची लाकडी बोट हिवाळाभर कोरड्यात ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. वसंतात पाण्यात सोडली की ती चक्क गळते. म्हणून तिला नौकागृहातच दोरांच्या झोळीत अर्धवट टांगून ठेवतात आणि काही दिवस भिजू देतात. फळ्या पाणी पिऊन फुगतात, सांधे आपोआप मिटतात, मग झोळी सोडायची. नौकागृहाच्या छताला ज्या जाड तुळया आणि कप्प्या दिसतात, त्यांचा एक उपयोग हा. आपल्याकडे कोरड्या पडलेल्या लाकडी बादलीत पाणी भरून ठेवायचे, तसेच.

खवचट

तीन महिन्यांनी धागा वर काढतो आहे. कामानिमित्त शिकागोला जाणे झाले आणि एक रविवार मोकळा मिळाला, म्हणून लेक जिनिव्हाला जाऊन आलो. ब्लॅक पॉइंटच्या फेरीच्या जागा भरल्या होत्या, त्यामुळे साधी फेरी घेतली आणि नंतर किनाऱ्यालगतच्या पायवाटेने तासभर चाललो. ही वाट सबंध सरोवराला वळसा घालते, सुमारे 34 किलोमीटर, आणि सर्व खासगी वाड्यांच्या अंगणातून जात असूनही सर्वांना खुली आहे. मूळ वाट इथल्या मूळनिवासी पोटावाटोमी लोकांची. प्रत्येक मालक आपापल्या हद्दीतला तुकडा राखतो. त्यामुळे पायाखाली कुठे विटा, कुठे खडी, कुठे नुसते गवत लागते आणि कुंपण नसतानाही हद्द पायांना कळते. दुसऱ्याच्या अंगणातून हक्काने चालणे हे मला बोटीतून पाहण्यापेक्षा अधिक आवडले, हे कबूल करतो. तेव्हा माझी शंका अजून पूर्ण फिटलेली नाही.

पायाभरणी यांना एक प्रश्न. बोटीतून जाताना एक जुने नौकागृह दिसले. त्याचा खण लांबलचक होता आणि दार आतल्या बोटीच्या चौपट उंच. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला पुढे कधीतरी फळ्या ठोकून ते बंद केलेले होते. आत पांढरी, साधी, फायबरची बोट. इतके उंच दार कोणासाठी असावे?

पायाभरणी

न पाहता ठामपणे सांगता येणार नाही, पण लांब खण आणि उंच दार हे बहुधा वाफेच्या बोटीचे लक्षण. त्या बोटी लांब व निमुळत्या असत आणि त्यांना धुराडे असे. पेट्रोलवरच्या बोटी आल्या तसे धुराडे गेले, बोटी आखूड झाल्या, आणि उघड्या दारातून आत येणारा वारा-पाऊस तेवढा उरला.

खवचट

म्हणजे त्या फळ्या धुराड्याच्या उंचीच्या होत्या. छायाचित्र काढले आहे, पण मी वरच्या डेकवर होतो, त्यामुळे खणाचा आतला भाग काळाच आला आहे.